सवतीचा वाटा

इथले अनुभव मी नेमाने वाचते, पण सकाळी, चहाबरोबर. त्यामुळे भीती वाटत नाही. उलट भुतांबद्दल थोडी सहानुभूतीच वाटते. बिचारी अमावास्येलाच ड्युटीवर, गणवेश एकच, पांढरी साडी, आणि भेटायचं कुणाला तर ज्याची मोटरसायकल नेमकी पिंपळाखाली बंद पडते त्याला! माझी सगळी नोकरी गोंदियातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत गेली. भुताखेतांची पुस्तकं कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात लावायची की धर्माच्या, यापलीकडे या विषयाशी माझा कधी संबंध आला नाही. कुठेही लावली तरी कुणीतरी तक्रार करायचंच.

त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा मला माझीच थोडी लाज वाटत होती. पण जे पाहिलं ते पाहिलं... खरं म्हणजे जे मला पाहता आलं नाही, त्याबद्दलच लिहायचंय.

गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमाऱ्याला जाणारा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून उजवीकडे आत वळलं की नागझिऱ्याच्या बाजूचं जंगल सुरू व्हायच्या थोडं आधी माझ्या थोरल्या बहिणीचं, कुसुमताईचं गाव लागतं. नाव लिहीत नाही. भाच्याचा तिथे धंदा आहे आणि हल्ली त्याला रेटिंग नावाच्या एका नव्या देवाला प्रसन्न ठेवावं लागतं. गावाबाहेर भाऊजींची धानाची शेतं, म्हणजे आमच्याकडच्या बांध्या, बांध्यांच्या टोकाला तलाव, तलावाची मातीची उंच पाळ, आणि पाळीपलीकडे जंगल. बांध्यांच्या मधोमध शेतातलं घर. दोन खोल्या आणि पुढे ओसरी. ओसरीतून समोर बघितलं की पाळीच्या अलीकडे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक मोठं मोहाचं झाड दिसतं. ओसरीतून हाक मारली तर झाडाखालच्या माणसाला ऐकू जाईल, इतकंच लांब.

ते झाड ताईचं. म्हणजे सातबाऱ्यावर भाऊजींचं, पण ताईचं.

आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून आले आणि ते मोठे योद्धे होते, असं आमच्या प्रत्येक लग्नात एक तरी काका माइक हातात घेऊन सांगतो. सगळेच योद्धे होते तर धान कोण रोवत होतं, ते मात्र सांगत नाही. अशा घराण्यातल्या सुनेनं टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जाणं म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. ते काम शेजारच्या गोंड टोलीतल्या, त्या छोट्या वस्तीतल्या बायकांचं. ताईनं ते त्यांच्याकडूनच उचललं. सासूबाईंनी एकदा अडवलं तेव्हा म्हणाली होती, "फुलं काय जात पुसून गळतेत का?"

मोह पहाटेच्या वेळी गळतो. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली असते, त्यावर ती फिक्कट पिवळी, गुबगुबीत, चिकट फुलं टप टप पडत राहतात. ताई झुंजूमुंजू झालं की जायची आणि उकिडवी बसून वेचायची. पण वेचायची फक्त अर्ध्या झाडाखालची. घराकडची बाजू तिची, पाळीकडची बाजू सोडून द्यायची.

"तिकडची कोणासाठी?" मी एकदा विचारलं होतं.

"माह्या सवतीसाठी."

मी दचकून भाऊजींकडे पाहिलं. ते निवांत दाढी करत होते. सवत म्हणजे अस्वल, हे मग कळलं. पाळीपलीकडून एक मोठी मादी अस्वल यायची. ताई वेचत असली की पाळीच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीपाशी बसून राहायची. ताई टोपली घेऊन उठली की मग पुढे यायची आणि आपल्या बाजूची फुलं खाऊन निघून जायची.

"आणि तू तिथेच बसतेस?"

"मंग काय करू? ती थांबून राह्यते, मी वेचून राह्यते. शिस्तीची आहे मेली. तुह्या लायब्ररीतल्या पोरांपेक्षा बरी."

माझा विश्वास नव्हता. ताई खोटं बोलायची नाही, पण गोष्टीला फोडणी सढळ हाताने द्यायची. मोहाच्या दिवसांत अस्वलाने फाडलेली माणसं आमच्या भागात सगळ्यांनीच पाहिलेली आहेत. ते काही गोजिरवाणं प्रकरण नाही. बरं, स्वतः पाहावं तर मी मुक्कामाला गेले तरी उन्हं वर आल्यावर उठणारी. तोवर टोपली ओसरीत आलेली असायची आणि ताईचा दुसरा चहा चाललेला असायचा. मी गोंदियात असले की ती त्याच वेळी फोन करायची. चिकट बोटांनीच. पहिलं वाक्य ठरलेलं: "उठली का वं?"

मागच्या पावसाळ्यात ताई गेली. साधा ताप वाटला होता. आता मला उठली का म्हणून विचारणारं कुणी नाही, त्यामुळे मी लवकर उठते.

भाऊजी एकटे पडले. मुलगा मयूर पुण्यात हॉटेल लाइनमध्ये. तो म्हणाला, पुण्याला चला. भाऊजी म्हणाले, नाही. शेवटी मयूरनेच नोकरी सोडली आणि बांध्यांमध्ये तंबूंचा कॅम्प काढला. जंगल बघायला येणारे लोक राहतील, आपलाही जम बसेल, आणि पप्पाही आपल्या जागी राहतील असा हिशेब. पोरगा गुणी आहे, हे आधी सांगते; कारण पुढे मी त्याला थोडं हसणार आहे.

उद्घाटनाला एक पुढारी आले. त्यांच्यासाठी गावातून सोफा आणला होता. तंबू, धान, तलाव, आणि मधे मखमली सोफा. त्यांनी निसर्गाशी एकरूप होण्याचं महत्त्व सांगितलं, आणि भाषण संपेपर्यंत त्यांच्या गाडीचं इंजिन चालू होतं, आतला एसी थंड राहावा म्हणून. फीत कापली, ड्रोन उडाला, आणि ड्रोनच्या आवाजाने भाऊजींची म्हैस दावं तोडून गेली. सगळ्यात महागडा तंबू मयूरने ताईच्या झाडाखाली लावला. नाव ठेवलं 'मोहगंध'. झोपेतून उठलं की अंगावर फुलं पडलेली, असं काहीतरी पत्रकात लिहिलं होतं.

आणि इथेच घोळ झाला. मोह गळायला लागला तशी पाहुण्यांच्या पायाखाली फुलं चेंगरायला लागली. चिखल, माश्या. मयूरने सांगितलं, उजाडायच्या आत झाडाखालचं सगळं झाडून घ्यायचं. सगळं. दोन्ही बाजूंचं. फुलं वाया नको म्हणून त्यांचे लाडू करून पाहुण्यांना 'वेलकम ड्रिंक'बरोबर द्यायचे. भाऊजींनी त्याला सांगितलं होतं म्हणे, की तिकडची ठेव. तो म्हणाला, "पप्पा, स्वच्छतेवर पण मार्क असतात."

अस्वल आलं. झाडाखाली काही नाही. मग वासावर तंबूपर्यंत, तंबूतून नागपूरच्या एका बाईंच्या बॅगेपर्यंत आणि बॅगेतल्या शेंगदाणा चिक्कीपर्यंत. बाई तेव्हा न्हाणीघरात होत्या, म्हणून वाचल्या. त्या बाहेर यायला तयार होईनात, त्यांचे यजमान आत जायला तयार होईनात. दुसऱ्या खेपेला स्वयंपाकघराची कनात फाडली आणि गूळ, मध, साखर सगळं साफ. कमलेश नावाचा आचारी आहे, गोंदियाचाच, हिंदीशिवाय बोलत नाही. तो सांगायचा, "मॅडम, ढक्कन घुमाके खोला उसने. आदमी जैसा." मी नंतर ती मधाची बरणी पाहिली. फोडलेली होती.

मग उपाय सुरू झाले. फटाके वाजवले. दुसऱ्या दिवशी पाहुणेच निघून गेले. मिरच्यांचा धूर केला. वारा फिरला आणि धूर करणारेच तलावाकडे पळाले. शेवटी जंगलाच्या रंगाचे कपडे घातलेले एक तज्ज्ञ नागपूरहून आले. त्यांनी प्रोजेक्टर लावून सगळ्यांना अस्वलाची चित्रं दाखवली. अस्वल सगळ्यांना ओळखू येत होतं, अडचण ती नव्हती. पहाटे ते प्रत्यक्ष निरीक्षण करणार होते. पहाटे अस्वल येऊन, तांदळाचं पोतं फोडून गेलं. तज्ज्ञ 'मोहगंध'मध्ये घोरत होते.

वनखात्याचे एक वनरक्षक आले, ते मात्र सरळ बोलले. झाडाखालचा तंबू हलवा, खाणं बंद पेटीत ठेवा, मोह संपेपर्यंत पाहुणे घेऊ नका. मयूरला पहिल्या दोन गोष्टी पटल्या. तिसरी कशी पटावी? मोहाचे दिवस हाच त्याचा हंगाम.

या टप्प्यावर भाऊजींचा मला फोन आला. "तू येऊन जाय बरं. पोरगा कॅम्प बंद करतो म्हणते. तुहं ऐकते तो."

मी गेले. मयूर ओसरीत बसला होता, डोळे तारवटलेले.

"मावशी, तूच सांग पप्पांना. परत एकदा ती किचनमध्ये आली ना, की मी शटर ओढणार. कुणाला काही झालं तर? मी जेलमध्ये, कॅम्प बंद, आणि पप्पा एकटे. त्यापेक्षा चला पुण्याला. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे..."

"लिफ्टनं कुठं जाऊ?" भाऊजी म्हणाले.

"खाली. गार्डन आहे."

"गार्डनमधून मंग कुठं जाऊ?"

"पप्पा, आराम करा ना."

"आराम करू करूच माणूस मरते. तिथं मले कोण ओळखते? इथं तलावातला बगळाबी ओळखते." आणि मग, अगदी हळू, माझ्याकडे न बघता: "तिच्यासंगं पूर्ण जिंदगी इथं काढली. आता म्या दुसरीकडे कायले जाऊ?"

मी मयूरला म्हटलं, तंबू तर हलवलास, आता झाडणंही बंद कर. तिचा वाटा तिला राहू दे, मग बघू. तो कंटाळून हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊजी स्वतः टोपली घेऊन गेले. ताईच्या बाजूला, ताईसारखेच उकिडवे बसले. मी ओसरीतून पाहत होते. ते अस्वल मी पहिल्यांदाच पाहिलं. पाळीवरून उतरताना आधी नुसता काळा केसाळ ढीग हलल्यासारखं वाटलं. जाळीपाशी ती थांबली नाही. भाऊजींना पाहिलं, फुसफुसली आणि सरळ धावून आली. भाऊजी टोपली टाकून असे पळाले की एक चप्पल धुऱ्यावर आणि एक बांधीत. कमलेशने डबे बडवले, तेव्हा ती वळली, आणि जाता जाता कोठीची पेटी उलथून गेली.

भाऊजी ओसरीत आले. धाप लागली होती, पोटरीला काटे. कमलेश म्हणाला, "काकाजी, ओलंपिक में भेज देंगे आपको."  भाऊजी त्या झाडाकडे बघत म्हणाले, "माह्याशी नाही तिचं काही. जे होतं ते कुसुमशी होतं."

मयूर आत गेला आणि त्याने पुढची सगळी बुकिंगं रद्द करायला घेतली. संध्याकाळी भाऊजींची बॅग बाहेर काढलेली मी पाहिली. रिकामीच होती, पण खाटेवर होती.

त्यानंतरची पहाट. आता इथून जे सांगते ते जसं दिसलं तसंच सांगते, फोडणी घालत नाही.

फटफटलं होतं. तलावावर पातळ धुकं, पण झाड स्वच्छ दिसत होतं. पाहुणे कुणी नव्हते. मी आणि भाऊजी ओसरीत चहा घेत होतो. दोघांनाही झोप नव्हती. झाडाखाली रात्रभरात भरपूर फुलं पडली होती, दोन्ही बाजूंना. वेचायला कुणी गेलं नव्हतं. ती पाळीवरून उतरली. जाळीपाशी न थांबता धुऱ्याने सरळ पुढे यायला लागली. नाकाचा रोख आमच्या मागच्या स्वयंपाकघराकडे. भाऊजींनी पेला खाली ठेवला. मी आत जाऊन मयूरला उठवणार, तेवढ्यात ती झाडाच्या बुंध्याजवळ येऊन थबकली.

कुणीतरी हटकल्यावर माणूस थबकतो ना, तशी.

मागच्या पायांवर उभी राहिली. थुंकी उडवत हवा हुंगली. तोंड आमच्याकडे नव्हतं. ओसरीच्या पायरीपासून झाडापर्यंत एक पायवाट आहे, त्या वाटेकडे होतं. वाट मोकळी होती. मग ती चारी पायांवर आली आणि मागे सरली. वळून नाही, तोंड तसंच ठेवून मागे, मागे, पार करवंदीच्या जाळीपर्यंत. तिथे बसली.

तिचं तोंड हळूहळू फिरत होतं. म्हणजे ती काहीतरी येताना बघत होती. ओसरीकडून झाडाकडे, अगदी संथ. मी तिच्या नाकाच्या रोखाने बघत गेले. पायवाट. गवत. फुलं. काही नाही. झाडापाशी आल्यावर तिचं तोंड थांबलं आणि हळूहळू खाली झुकलं.

"भाऊजी, काय पाहते ती?"

 ते म्हणाले, "बसली."

"अस्वल?"

"नाई." त्यांचा आवाज अगदी साधा होता, शेजारणीबद्दल बोलावं तसा. "गुडघे दुखत होते ना तिचे. बसाले वेळ लागते."

माझ्या हातातला चहा गार होत होता. अस्वलाचं तोंड खालीच होतं. अधूनमधून जरासं बाजूला व्हायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा थोडं बाजूला. झाडाच्या घराकडच्या अर्ध्या भागात कुणीतरी सरकत सरकत चाललं असावं, तसं. फुलं पडत होती. एक मोर ओरडला, कमलेश स्टोव्ह पेटवून बाहेर आला, त्याने ते दृश्य पाहिलं आणि तिथेच दाराशी उभा राहिला.

मी खूप बारकाईने बघितलं, हे मला मुद्दाम सांगायचंय. डोळे फाडून बघितलं. चष्मा पुसून बघितलं. थंड झुळूक आली नाही. मोगऱ्याचा वास आला नाही. बांगड्या वाजल्या नाहीत. ज्या सगळ्या गोष्टींची मी इतकी वर्षं टिंगल केली, त्यांतली कुठलीही एक चालली असती मला. पांढरी साडी चालली असती. ताईला पांढरा रंग आवडायचा नाही, तरी चालली असती. पण समोर नुसती जमीन होती, आणि पलीकडे एक अस्वल, जिला काहीतरी दिसत होतं.

अस्वलाची नजर अधू असते, असं त्या तज्ज्ञांनीच सांगितलं होतं. मला त्या अधू डोळ्यांचा जो हेवा वाटला, तो आयुष्यात कुणाच्या पगाराचा, घराचा, संसाराचा वाटला नाही.

मग अस्वलाचं तोंड वर आलं. त्याचा रोख पुन्हा संथपणे वाटेने मागे येत, ओसरीच्या पायरीशी येऊन थांबला. आमच्यापाशी. मी माझ्या शेजारी बघितलं. भाऊजींनी बघितलं नाही. ते खाली मान घालून आपला पेला उचलून थोडे आत सरकले, कुणाला तरी ये-जा करायला जागा द्यावी तसे. तेवढ्यात तिकडे अस्वल उठलं, झाडाखाली आलं आणि पाळीकडच्या बाजूची फुलं खायला लागलं. सावकाश, फुरफुर आवाज करत. संपवून ती पाळ चढून गेली. स्वयंपाकघराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मयूर मागे कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. शेवटचा भाग त्याने मोबाइलवर घेतला आहे. मी तो व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिला. त्यात एक अस्वल बसलेलं आहे आणि मग फुलं खाणारं अस्वल आहे. दुसऱ्या कुणाला दाखवला तर म्हणतील, सुस्त झालंय.

नंतर मी झाडाखाली गेले. पाळीकडची बाजू साफ होती. घराकडच्या बाजूची फुलं जशीच्या तशी पडलेली. कुणी वेचलेली नव्हती. पावलं नव्हती. आणि अस्वलाने त्यातल्या एकालाही तोंड लावलं नव्हतं.

मोह संपेपर्यंत रोज असंच चाललं. ती यायची, जाळीपाशी बसायची, मग आपला वाटा खाऊन जायची. तंबूंकडे पुन्हा एकदाही फिरकली नाही. मयूरने दोन दिवस वाट पाहिली आणि कॅम्प पुन्हा सुरू केला. त्याच्या डोक्यात लगेच कल्पना: पाहुण्यांना ओसरीत बसवून 'अस्वल दर्शन'. भाऊजी एवढंच म्हणाले, "माय वेचत असताना तू लोकं आणून बसवशीन?"  खाटेवरची बॅग मयूरने स्वतःच माळ्यावर टाकली.

मी गोंदियाला परतले आणि माझ्या स्वभावाला धरून कारणं शोधली. तंबू हलवला म्हणून? तो तर भाऊजी पळाले त्याच्या आधीच हलवला होता. खाणं बंद पेट्यांत होतं म्हणून? पेटी तिने आदल्याच दिवशी उलथली होती. वाटेवर ताईचा वास उरला असेल? मधे पूर्ण पावसाळा कोसळून गेला. जुनी सवय अचानक आठवली? शक्य आहे. पण मग सवय एकटीची असते; ती कुणाच्या येण्या-बसण्या-उठण्याच्या गतीने कशी चालते? आणि घराकडची फुलं? भुकेल्या अस्वलाने ती का सोडावीत? एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी बराच वेळ समजावलं, मी मन लावून ऐकलं, आणि शेवटी लक्षात आलं की त्यांनाही माहीत नाही, फक्त मोठ्या शब्दांत माहीत नाही.

माझ्याकडे उत्तर नाही. आत्मा वगैरे मी आजही मानत नाही. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. मात्र शांती, पूजा, लिंबू सुचवू नका. शांत करण्यासारखं तिथे काही नाही.

हंगाम संपत आला तेव्हा मी पुन्हा एकदा गेले. फुलं विरळ झाली होती. अस्वल आपलं खाऊन गेलं, उन्हं पाळीवर आली, तरी घराकडची फुलं रोजच्यासारखी पडून होती. ती अशीच सुकून जातात, भाऊजी त्यांना हात लावत नाहीत. मला ते बघवलं नाही. स्वयंपाकघरातून एक घमेलं घेतलं आणि झाडाखाली जाऊन बसले. मोहफुलं मी जन्मात वेचली नव्हती. बोटं लगेच चिकट झाली. वास गोड, थोडा उग्र. डोक्यावर, पाठीवर टपटप चालू होती. ओसरीत भाऊजींनी चहाचे पेले आणून ठेवल्याचा आवाज आला. किती ते मी मोजले नाहीत.

डाव्या हाताला फुलं दाट पडली होती. मी तिकडे हात लांबवला, आणि का ते विचारू नका, हात मागे घेतला. घमेलं उचललं आणि उजवीकडे जरा सरकून बसले.